खोका एक सांगतो, गोळी दुसरंच: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वरातीचं प्रकरण

तुळशीची लग्नं लागली की ग्वाल्हेरात वराती निघायला लागतात, आणि वरातींबरोबर बंदुकाही. आनंदात हवेत बार काढायच्या या प्रकाराला इथे 'हर्ष फायर' म्हणतात. मराठी घरांतही हाच शब्द चालतो. लष्कर भागातल्या जुन्या सरदारी वाड्यांत दसऱ्याला पाटावर मांडायला एखादं तरी हत्यार असतंच. दसऱ्याला बाहेर काढलेलं ते हत्यार पुष्कळदा लग्नसराई संपेपर्यंत आत जात नाही.

मी पंचवीसेक वर्षं सरकारी नोकरीत काडतुसांचे खोके, म्हणजे बार उडाल्यावर मागे राहणारी रिकामी पितळी टरफलं, आणि गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही आरोपीच्या बाजूने. नावं मी कुणाचीच देत नाही. ठाण्याचं नाही, इस्पितळाचं नाही, प्रयोगशाळेचंही नाही.

वरात दौलतगंजाकडून महाराज बाड्याच्या चौकाच्या दिशेने चालली होती. पुढे बँड, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली पोरं, मागे जनरेटरची गाडी. वाटेत नवऱ्या मुलाच्या चुलत आजोबांचा वाडा. सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, डोक्याला फेटा. वरात वाड्यासमोर थांबली, आबा पायऱ्यांवर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या लायसन्सच्या 315 बोर रायफलीने आकाशात दोन बार काढले. निदान तीन मोबाइलांत ते टिपले गेले आहे. त्याच सुमाराला फटाक्यांची माळ लागली आणि उजव्या रांगेतला दिवेवाला, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, दिव्यांच्या झाडासकट खाली कोसळला. काचा फुटल्या म्हणून आधी लोक ओरडले. रक्त नंतर दिसलं. गोळी मांडीत होती.

पोलिसांना रस्त्यावर तीन खोके मिळाले. दोन वाड्याच्या पायऱ्यांशी, तिसरा जनरेटरच्या गाडीजवळ, पायऱ्यांपासून वीस-बावीस पावलांवर. तिन्हींच्या बुडावर एकच शिक्का: '8 एमएम केएफ'. 8 मिलिमीटर म्हणजेच 315 बोर. केएफ म्हणजे आपली पुण्याची खडकी, तिथला दारूगोळा कारखाना. ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात 315 चं काडतूस म्हटलं की बहुतेक हेच हाती येतं, म्हणून या शिक्क्याने फारसं काही ठरत नाही. तपासाची कागदपत्रं मात्र इथेच घसरली. एकाच शिक्क्याचे तीन खोके, म्हणून एकाच रायफलीचे तीन बार. मांडीतली गोळी तशीच 8 मिलिमीटरची, म्हणून ती आबांची. शिवाय आबांनी बार काढलेले सगळ्यांनी पाहिले. मग आणखी शोधायचं काय?

प्रयोगशाळेचा पहिला अहवाल दीड पानाचा होता. ख-1 आणि ख-2, म्हणजे पायऱ्यांशी मिळालेले खोके, जप्त रायफलीतून उडालेले. ख-3, जनरेटरजवळचा, 'जुळत नाही'. गोळी 'विकृत, मत देता येत नाही'. यातला तिसऱ्या खोक्याबद्दलचा शेरा आरोपपत्रात उतरलाच नाही. दोन जुळलेल्या खोक्यांवर सगळी इमारत उभी राहिली.

आबांचे वकील माझ्या धाकट्या भावाचे वर्गमित्र. फाइल घेऊन घरी आले, तेव्हा आबाही बरोबर होते. चहा होईपर्यंत ते गप्प बसले, मग मला म्हणाले, "हे बघा, रायफल माझी, बार माझे. पोराच्या औषधपाण्याचं मी बघतोय. तुम्ही कशाला खोलात जाता?" वकील ओशाळले. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणाचा ताठा आहे. तो ताठा नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं.

आता मुद्द्याचं. बंदूक उडते तेव्हा दोन गोष्टी दोन दिशांना जातात. गोळी नळीतून पुढे जाते आणि नळीच्या आतल्या भागाच्या खुणा अंगावर घेते. खोका मागे राहतो आणि बंदुकीच्या मागच्या भागाच्या खुणा घेतो: बुडावरच्या टोपीला, जिच्या ठिणगीने दारू पेटते, पिनने पाडलेला खड्डा, दाबाने खोका मागच्या पोलादावर आदळतो तिथला ठसा, खोका ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा. म्हणजे खोका रायफलीच्या बोल्टबद्दल, या मागच्या यंत्रणेबद्दल, साक्ष देतो आणि गोळी नळीबद्दल. दोघं एकाच काडतुसाचे आहेत हे एकदा सुटल्यावर सांगणारं कुणीच उरत नाही. पायऱ्यांशी पडलेला खोका आबांच्या रायफलीचा, हे शंभर वेळा सिद्ध केलं तरी मांडीतल्या गोळीबद्दल त्यातून एक अक्षरही निघत नाही. हे लिहिताना मला अगदी बाळबोध वाटतं, पण मी पाहिलेल्या फाइलींमध्ये हाच घोटाळा सर्वांत जास्त वेळा भेटला आहे.

मला पहिली शंका आली ती मात्र खुणांवरून नाही, जखमेवरून. 315 ची रायफल ही शिकारीची रायफल. वीस-बावीस पावलांवरून तिची गोळी मांडीच्या मांसात शिरली तर सहसा आरपार जाते आणि जाताना फार नासधूस करते. इथे आत जायची जखम लहान, बाहेर पडायची जखमच नाही, हाड शाबूत, गोळी स्नायूत रुतून बसलेली. म्हणजे गोळी आली तेव्हाच तिच्यात जोर कमी होता. आता, कुठे आपटून उडालेली किंवा वर जाऊन खाली पडलेली गोळीही मंद असू शकते, त्यामुळे नुसत्या जखमेवर रायफलीला सोडता येत नाही. पण गोळी नीट बघायला हवी होती, एवढं नक्की.

न्यायालयाच्या परवानगीने मी ती बघितली. नाझराच्या खोलीत, खिडकीशी, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन. प्लास्टिकच्या डबीत गोळी, डबीच्या तळाशी वाळलेल्या रक्ताचा तपकिरी थर. ओलीच भरून ठेवली असणार. टोक एका बाजूला चेपलेलं, अर्धं अंग सपाट झालेलं. त्या सपाट बाजूवर समोरासमोर दोन दातेरी चावे. ते बंदुकीचे नव्हते, शस्त्रक्रियेच्या चिमट्याचे होते. पोराचा पाय वाचवायला निघालेल्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. पण चिमट्याच्या टोकांना रबराची नळी चढवली असती, किंवा गोळी बोटांनी काढली असती, तर एवढी खूण तरी वाचली असती. वर कुणीतरी ओळखीसाठी सुईने दोन अक्षरं कोरली होती, तीही गोळीच्या अंगावर. कोरायचंच असेल तर बुडावर कोरावं; खरं तर डबीवर लिहिलं तरी पुरतं.

तरी उरलेला अर्धा घेर चांगला होता. रायफलीच्या नळीत आटे असतात, पिळदार खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे. गोळी त्यातून घुसून जाते तेव्हा ते उंचवटे तिच्या तांब्याच्या आवरणावर तिरपे पट्टे कोरतात. हे पट्टे म्हणजे नुसता ओरखडा नसतो. नखाला लागतील इतके खोल असतात. आटे नळीच्या घेराभर सारख्या अंतरावर असतात. त्यामुळे अर्धा घेर शाबूत असेल तर तिथे एक-दोन पट्टे दिसलेच पाहिजेत. मी गोळी तीनदा फिरवली. एकही पट्टा नव्हता. होते ते बारीक, उभे, एकाच बाजूला गोळा झालेले ओरखडे. पिळाचा मागमूस नाही. गोळी सैल, गुळगुळीत नळीतून एका कडेला घासत बाहेर पडली होती.

आटे नाहीत, आणि काडतूस 315 चं. आमच्या भागात याचा एकच अर्थ: कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल. पाण्याच्या पाइपाची किंवा गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याची नळी, लाकडी मूठ, पिनच्या जागी घासलेला खिळा. आखूड, सैल नळीतून वायू गोळीच्या बाजूने निसटतो आणि गोळीचा जोर मरतो. मांडीत रुतून बसलेल्या गोळीचं कोडं इथे सुटलं.

मग मी ख-3 मागितला. टोपीवरचा खड्डा मध्यावर नव्हता, पार कडेला सरकलेला आणि एका अंगाने फाटलेला. खोक्याचं पोट एका बाजूला फुगलेलं, कारण कट्ट्यात काडतूस बसायचं घर काडतुसापेक्षा मोठं असतं आणि पितळ जागा मिळेल तिकडे पसरतं. आणि कडेवर एक लांब, चमकदार ओरखडा, कुणी टोकदार वस्तूने उचकटल्यासारखा. या ओरखड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. एकबारी कट्ट्यातून खोका आपोआप पडत नाही. कट्टा मोडून उघडावा लागतो आणि फुगलेला खोका खिळ्याने, काडीने उचकटून काढावा लागतो. म्हणजे जनरेटरच्या गाडीजवळ कुणीतरी एक बार काढून, पोरगं पडलेलं असताना किंवा पडायच्या आधी, दुसऱ्या बारासाठी कट्टा मोकळा करत उभं होतं.

फेरतपासणीचा अर्ज मंजूर झाला. पोलिसांनी मोबाइलची चित्रणं पुन्हा काढून पाहिली, या वेळी पायऱ्यांकडे न बघता जनरेटरकडे. एका चित्रणात आबांचा सख्खा भाचा दिसतो, शालीखाली उजवा हात घेतलेला. काही आठवड्यांनी ग्वाल्हेरच्याच मुरार भागात त्याच्या घरी, पाण्याच्या टाकीमागे, कट्टा मिळाला. आबा 'खोलात जाऊ नका' का म्हणत होते, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. बहिणीला शब्द दिला होता म्हणे.

कट्टा प्रयोगशाळेत गेला आणि तिथे दुसरी अडचण उभी राहिली. अशा हत्याराची चाचणी हातात धरून करत नाहीत. फुटायची भीती असते. ते शिकंज्यात आवळून दुरून दोरीने घोडा ओढतात. काडतुसंही त्याच बनावटीची घेतात, कारण टोपीचा पत्रा नरम-कडक असेल तर ठसा वेगळा उमटतो. चाचणीचे खोके निघाले, त्यांचा पिनचा खड्डा बरोबर मध्यावर, गोल, गुळगुळीत. ख-3 शी कुठेच जुळेना. कट्ट्याची पिन नवीकोरी होती. आमच्याकडे हे लोकज्ञान पक्कं आहे: 'पिन बदल, मग कुणाला काही कळत नाही.'

पहिल्या अहवालाच्या शैलीने काम झालं असतं तर 'जुळत नाही' लिहून फाइल बंद झाली असती. पण या वेळी टेबलावर जी तरुण तपासनीस होती, तिने खड्ड्याच्या भोवतीची जागा पाहिली. कट्ट्यात काडतुसाची पाठ ज्या पोलादाला टेकते त्याला आम्ही ब्रीच फेस म्हणतो. कारखान्यातल्या हत्याराचा ब्रीच फेस यंत्रावर तासलेला असतो. एकाच अवजाराने पाठोपाठ तासलेल्या भागांवर काही खुणा सारख्या उतरू शकतात. कानपूरच्या 32 बोर रिव्हॉल्वरांसारखा एकसाची माल असला की ही धास्ती मनात ठेवूनच काम करावं लागतं. गटाची खूण आणि त्या एका हत्याराची खूण वेगळी करता आली पाहिजे. कट्ट्याचा ब्रीच फेस मात्र कुणा कारागिराने कानशीने हाताने घासलेला असतो. हात प्रत्येक फटक्याला वेगळा पडतो. जितकं हत्यार ओबडधोबड, तितकी त्याची ओळख पटवणं सोपं, अशी ही गंमत आहे. महात्मा गांधींच्या खुनातलं पिस्तूल, जे खटल्याच्या नोंदींनुसार ग्वाल्हेरातूनच मिळवलेलं होतं, त्या बेरेटावर कारखान्याचा क्रमांक होता: 606824. कट्ट्यावर क्रमांक नसतो. त्याचा क्रमांक हाच, कानशीच्या फटक्यांचा.

तिने काढलेली छायाचित्रं मी पाहिली आहेत. तुलना-सूक्ष्मदर्शकात दोन बैठका असतात, दोन्हींवरची प्रतिमा एकाच गोल चौकटीत येते आणि मध्ये एक बारीक रेघ. डावीकडे ख-3, उजवीकडे चाचणीचा खोका. प्रकाश अगदी तिरपा सोडलेला, म्हणजे टोपीवरचा प्रत्येक चढउतार सावली टाकतो. उजव्या खांद्याकडून डाव्या कुशीकडे उतरणारे कानशीचे ओरखडे, काही जाड, काही केसासारखे, मध्येच एक खोल खड्डा जिथे कानस अडखळली असेल. डावीकडून आलेली ओळ मधल्या रेघेवर न तुटता उजवीकडे निघून जाते. खोल खड्डा त्याच जागी. पिनच्या भोकाच्या काठाला एक दात आहे, तोही दोन्हीकडे. शिवाय खोक्याच्या फुगीर पोटावर कट्ट्याच्या घराच्या खुणा. पिन बदलली, बाकी काही बदललं नव्हतं. तिने निष्कर्षाआधी दोन पानं भरून कुठे काय जुळतं आणि कुठे जुळत नाही ते लिहिलं, पिनचा वेगळा खड्डाही लपवला नाही. गोळीबद्दल मात्र तिने लिहिलं: ही रायफलीतून आलेली नाही, गुळगुळीत नळीतून आली आहे, याच कट्ट्यातून आली असं सांगता येत नाही. गंजाने नळी बदलली होती आणि सैल नळीचे ओरखडे चाचणीच्या गोळ्यांवरही दर वेळी वेगळे पडत होते.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्या अहवालात सर्वांत जास्त आवडलं.

खटल्यात भाच्याच्या वकिलांनी तयारी चांगली केली होती. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाचा 2016 चा अहवाल त्यांनी पुढे केला: नीट आखलेला अभ्यास त्या वेळी एकच होता आणि त्यात चुकीने 'जुळलं' म्हणण्याचं प्रमाण 66 मध्ये 1 निघालं होतं. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये, 'ही गोळी याच बंदुकीतून आली' असं बिनशर्त मत देऊ नये, असा निकाल दिला, तोही त्यांनी वाचून दाखवला. सरकारी वकिलांनी उत्तरादाखल आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा कलुआ खटला काढला, 1958 च्या निकालसंग्रहातला: तिथेही गावठी पिस्तूल, तिथेही घटनास्थळाचा एक खोका, आणि तज्ज्ञाची जुळणी न्यायालयाने ग्राह्य धरली होती.

मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या अमेरिकी अभ्यासात 218 तपासनीस होते आणि 22 चुकांपैकी 20 चुका फक्त पाच जणांनी केल्या होत्या; म्हणजे प्रश्न नुसत्या पद्धतीचा नाही, ती हाताळणाऱ्याचाही आहे. शिवाय तो अभ्यास कारखान्यातल्या पिस्तुलांवर झाला होता. कट्ट्यावर तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, ना त्याच्या बाजूने, ना विरुद्ध. तपासनिसाला वकिलांनी विचारलं, "शंभर टक्के खात्री आहे?" ती म्हणाली, "टक्क्यांत सांगायला माझ्याकडे आधार नाही. मी काय पाहिलं ते छायाचित्रांत आहे. इतकं साम्य दुसऱ्या हत्याराशी मी पाहिलेलं नाही." मी नोकरीत होतो तेव्हा 'याच शस्त्रातून, अन्य कोणत्याही नव्हे' असं बिनदिक्कत लिहीत असे. साच्यातलं वाक्य होतं, वरिष्ठांकडून आलेलं, मीही खालच्यांना दिलं. साक्षीच्या पिंजऱ्याच्या मागे बाकावर बसून तिचं उत्तर ऐकताना माझे कान तापले.

आबांची रायफल गोळीतून सुटली, पण आबा सुटले नाहीत, आणि सुटायला नकोच होते. शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने पोटकलम 9 घातलं: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा हर्ष फायर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांना दंड झाला, लायसन्स गेलं, रायफल जमा झाली. भाच्याला कट्टा बाळगल्याबद्दल आणि दुखापतीबद्दल शिक्षा झाली. खोका कट्ट्याचा, नळी गुळगुळीत, चित्रणातला हात, जागा, हे सगळं जोडून न्यायालयाने गोळी त्याची धरली. जोडायचं काम न्यायालयाचं होतं, ते न्यायालयाने केलं. त्यावर अपील चालू आहे. आबांची बहीण वाड्यावर येत नाही. तो मुलगा बँडबरोबर पुन्हा जातो, पण डोक्यावर झाड घेऊन फार वेळ चालवत नाही. त्याला जनरेटरच्या गाडीवर बसवलं आहे.

फाइल बांधताना मी घटनास्थळाचा नकाशा पुन्हा पाहिला. ख-1 आणि ख-2 रायफलीचे, हे दोन्ही अहवालांत आहे. म्हणजे त्या रात्री आबांच्या रायफलीतून दोन गोळ्या लष्कर भागाच्या वर गेल्या आणि मैल-दीड मैलाच्या परिसरात, कुठल्या तरी गच्चीवर, पत्र्यावर किंवा रस्त्यावर खाली आल्या. त्या कुठे पडल्या, हे कुणी शोधलं नाही. नकाशावर तशी जागाही सोडलेली नाही.